शिट्टी-आजीचे रविवार

प्रिय माकडा,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे खुशाल आहेत. हे फोनवरही बोलता आलं असतं. पण तुझा फोन आला की तुझी भिंगरी माझ्या मांडीवर चढून बसते, आणि तिच्यासमोर हे बोलायचं नाही. सामानाच्या बोटीतून पत्र पोचेल तेव्हा एकटी असताना वाच. आधीच सांगून ठेवते, यात तुझ्या सासूबाईंबद्दल बरंच काही येणार आहे. मी तशी बरी बाई आहे गं, पण त्यांचा विषय निघाला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

तू समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करायला गेलीस, तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं की शाळा सुटल्यावर पोर माझ्याकडे यायची आणि रविवार तेवढा विहीणबाईंचा. मला तेव्हा वाटलं, आपणच जिंकलो! मग हळूहळू कळलं की वाटणी कशी झालीय. पाढे माझ्याकडे, नखं कापणं माझ्याकडे, केसांतला गुंता, जंतांचं औषध, दात दुखला की रडणं माझ्याकडे. आणि आईस्क्रीम त्यांच्याकडे. आठवडाभर मी शिलाई मशीन चालवता चालवता तिच्यामागे ओरडते, आणि एक दिवस येऊन त्या लोणी खाऊन जातात. बरं, दोन आज्या ओळखायच्या कशा म्हणून भिंगरीनं नावं पाडलीत. मी शिवण-आजी आणि त्या शिट्टी-आजी. शाळेत खेळ शिकवणं सुटून इतका काळ लोटला, तरी बाईंच्या गळ्यात शिट्टी असतेच. ‘शिट्टी-आजी’ म्हटलं की कशी उडी मारून उभं राहावंसं वाटतं! ‘शिवण-आजी’ म्हटलं की टाचणी टोचल्यासारखं होतं.

आणि त्यात त्यांनी त्या मोठ्या पार्कचा वर्षभराचा पास काढला. तू गेल्यापासून तिथे काय काय नवं आलंय ते मला न जाता तोंडपाठ झालंय. माशांच्या मधून जाणारी काचेची आगगाडी आली, मग तो ड्रॅगनचा पाळणा आला, जो माणसांना वर नेऊन उलटं करतो आणि तसाच थांबतो. वसंतात तिथे फुलांचे हत्ती आणि जिराफ उभे करतात, उन्हाळ्यात फेसाचा पाऊस पाडतात, थंडीत खोट्या बर्फावरून घसरगुंडी. ऋतू बदलला हे मला झाडांवरून कळत नाही हल्ली, रविवारी संध्याकाळी भिंगरी काय अंगाला माखून घरी येते त्यावरून कळतं. तूच सांग, याच्यापुढे मी काय ठेवू? बटणांचा डबा?

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा मीही गेले होते त्यांच्याबरोबर. त्या फिरत्या कपबश्या असतात ना, अगदी तान्ह्या पोरांसाठीच्या, त्यात बसले. उतरल्यावर जग फिरत राहिलं आणि मी एका खांबाला मिठी मारून उभी राहिले. विहीणबाईंनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्या हातानं मला जितकं जाळलं तितकं कशानंच जाळलं नसेल. त्यात आणखी भिंगरी म्हणाली, “शिवण-आजी, शिट्टी-आजी तर ड्रॅगनवर हात सोडून बसते!”

त्याच आठवड्यात तिनं तुला फोनवर सांगितलं, ड्रॅगन उलटा झाला तेव्हा पोटात बेडूक उड्या मारत होते म्हणून. तू इतकी हसलीस! म्हणालीस, “शोभतेस माझी मुलगी. आणि आजीला सांग, या वयात कमाल आहे तुमची.” मी तेव्हा मागे बसून तिची वेणी घालत होते. माझ्या हातात केस होते आणि कमाल दुसरीकडे गेली होती. वेणी जरा घट्ट बसली त्या दिवशी.

आता खरी गोष्ट ऐक. पार्कात पानगळीच्या दिवसांत भुतांची जत्रा भरवतात. सगळ्यांनी सोंगं घेऊन यायचं, मुखवटे घालायचे. भिंगरीला वटवाघूळ व्हायचं होतं. पंख कुणी शिवले? मी. छत्रीच्या काड्या घालून असे सुरेख शिवले की हात पसरले की उघडावेत आणि मिटले की अंगाला चिकटावेत. आणि ते पंख लावून ती मिरवणार कुणाबरोबर? जाऊ दे. पंखांचा शेवटचा टाका घालताना माझ्या मनात आलं, सोंगं घेतलेल्या गर्दीत मला कोण ओळखणार? जुन्या पडद्याचं करडं कापड होतं घरात. त्याची मी पायघोळ कफनी शिवली, पुठ्ठ्याचं घुबडाचं तोंड केलं, आणि रविवारी तुझ्या सासूबाईंच्या मागोमाग मीही तिकीट काढून आत शिरले. हस, हस. तुझी आई या वयात घुबड होऊन विहिणीचा माग काढत होती.

आत शिरल्या शिरल्या एक पार्कचा माणूस माझ्यावर खेकसला, “मावशी, तुमची जागा भूतबंगल्यापाशी आहे ना? इथे काय करताय?” मी मान हलवून सटकले. दोन पोरांनी माझ्याबरोबर फोटोही काढून घेतले. पण माझं लक्ष त्या पंखांवर. हजारात ओळखले असते मी ते. दोघी सरळ ड्रॅगनच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, हातात हात घालून, खिदळत. मी मक्याच्या कणसांच्या गाडीआड उभी राहून दात खात होते.

रांग सरकत सरकत फाटकापर्यंत आली. आता बसणार म्हणून मी डोळे मिटून घेणार, एवढ्यात दोघी बाजूच्या छोट्या दारातून बाहेर आल्या आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. मला वाटलं, पोरीला लागली असेल बाथरूमला. पण नाही. त्या निवांत बसून वर बघत होत्या. मी घुबडाच्या चालीनं त्यांच्या मागच्या झुडपापाशी जाऊन उभी राहिले. ड्रॅगनवरून एक कॉलेजातली मुलगी डुलत डुलत उतरली. भिंगरी धावत तिच्याकडे गेली. “ताई, कसं वाटलं? पोटात काय झालं?” ती बिचारी म्हणाली, “फुगे फुटले गं पोटात!” भिंगरी परत आली आणि विचारते, “शिट्टी-आजी, आईला आज फुगे सांगू?” आणि तुझ्या सासूबाई म्हणतात, “सांग. बेडूक मागच्या वेळी होऊन गेले.”

माकडा, त्या दोघी आजवर कशातही बसलेल्या नाहीत. एकदाही नाही. पोरगी पहिल्या रविवारी रांगेतून रडत बाहेर पडली असणार, आणि विहीणबाईंना तर त्याहून भीती. माझ्या कानांनी ऐकलंय मी. त्या म्हणाल्या, “मी आयुष्यभर पोरांना दोरावर चढवलं गं, पण स्वतः स्टुलावर चढले तरी माझे पाय लटपटतात.” मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मुखवट्याच्या आत मी दात काढून हसले.

पण तो आनंद फार टिकला नाही. भिंगरीनं विचारलं, “शिवण-आजीला सांगूया का? तिलाही भीती वाटते.” माझा जीव कानात गोळा झाला. मग तीच म्हणाली, “नको. ती आईची आई आहे. आईला सांगून टाकेल. आईला काहीच्च भीती वाटत नाही, तिला माझी लाज वाटेल.” यावर त्या शिट्टीवाल्या बाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, “आपण शब्द दिलाय ना एकमेकींना? मग झालं. आणि शिवण-आजीकडे तू रोज असतेस बाई. तिला सगळी तूच मिळतेस. मला एवढा एक रविवार आहे, तो जपून ठेव.”

म्हणजे त्याही माझ्यावर जळतात. ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझा हेवा काही कमी झाला नाही गं, उलट त्याला नवं मूळ फुटलं. आजवर मला वाटायचं, त्यांच्याकडे ड्रॅगन आहे, काचेची गाडी आहे, पास आहे. ते सगळं एक दिवस मीही विकत आणलं असतं. पण त्यांच्याकडे गुपित आहे! पोरीनं आपली भीती त्यांच्या ओटीत टाकली, माझ्या नाही. मी तिचे दात मोजते, तिचे मोजे धुते, ती झोपेत काय बडबडते ते मला पाठ आहे, आणि तिच्या मनातली सगळ्यात मोठी गोष्ट एका बाकावर दुसऱ्याच बाईला सांगून झाली होती. घरी येऊन मी ती कफनी टराटरा उसवली.

कदाचित मी हे सारं पोटात ठेवलंही असतं. पण मागच्या आठवड्यात तू फोनवर आनंदाची बातमी दिलीस. सुट्टीवर येतेयस, त्याच दिवसांत पार्कात ती नवी, ड्रॅगनहूनही उंच जाणारी गाडी सुरू होतेय, आणि तू तुम्हा दोघींसाठी पहिल्या दिवसाच्या पहिल्या रांगेच्या जागा धरून ठेवल्यास. भिंगरीनं टाळ्या वाजवल्या ना? तुला टाळ्या दिसल्या. फोन ठेवल्यावर ती मोरीत जाऊन ओकली, ते मी पुसलं. तेव्हापासून ताटात अन्न तसंच राहतंय. परवा गृहपाठ करता करता मला विचारते, “शिवण-आजी, ताप मुद्दाम आणता येतो का?” विहीणबाई कधी नव्हे त्या एकट्या माझ्याकडे आल्या. बसल्या, चहा घेतला, दोनदा उठल्या आणि परत बसल्या. शेवटी पर्समधून एक ब्लाउज काढून म्हणाल्या, “हूक लावून द्याल का?” हूक जागच्या जागी घट्ट होता गं. मी तरीही एक टाका मारून दिला. बाईंना सांगायचं होतं, पण दिलेला शब्द मोडवत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची कीव आली, आणि थोडासा आदरही. थोडासाच.

त्या दोघी शब्दानं बांधलेल्या आहेत. माझ्याकडे शब्द कुणी मागितलाच नाही, म्हणून मी मोकळी आहे, आणि म्हणून हे पत्र. आल्यावर तिला रागावू नकोस, आणि ‘मला सगळं कळलंय’ असंही म्हणू नकोस. तिकिटं फाडूही नकोस, तिला संशय येईल. फक्त पार्कात जाण्याच्या आदल्या दिवशी तिला कुशीत घे आणि तुझी गोष्ट सांग. पहिल्यांदा पवनचक्कीच्या मनोऱ्यावर चढलीस तेव्हा अर्ध्यावर तुझे हात आखडून गेले होते, खाली उतरून तू मला फोन केलास आणि नुसती हुंदके देत होतीस, ‘आई, मला नाही जमणार’ म्हणून. नवऱ्यालाही सांगू नकोस म्हणाली होतीस. मी नाही सांगितलं. तुझं-माझं तेवढं एकच गुपित आहे, आणि आजवर मी ते कुणाला हातही लावू दिलेला नाही. आता ते तिला देऊन टाक. मला जड जातंय, पण दे. ती लगेच काही बोलणार नाही. वाट बघ, ती आपण होऊन सांगेल, आणि तेव्हा तू पहिल्यांदाच ऐकतेयस असा चेहरा कर. मी कळवलं हे पोरीला कधीच समजता कामा नये. विहीणबाईंना समजलं, तर मात्र खुशाल समजू दे.

तुझीच, तिथे कुणी दुसरी आई करून घेतली नसशील तर फक्त तुझीच,
आई