हार घातलेला पंखा

३० सप्टें., मंगळ.
सेफ्टीचा सल्लागार येऊन गेला. बूट चकचकीत, टाकीपासून दहा फूट लांब उभा. म्हणे, "ॲसिडचं पाणी सायनाइडच्या पाण्यात जाऊ देऊ नका, विषारी वायू होतो." बावीस वर्षं चाकणला नट-बोल्टांना झिंक चढवतोय, आता हा शिकवणार! चहा पाजला, वाटेला लावला. मला मीटर-बिटर लागत नाही. कुठल्या मोटरचं बेअरिंग जाणार ते गेटातून ऐकू येतं.

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
यंत्रपूजा. त्याआधी टाक्यांचं शॉप धुवायचं. मेहुणा सतीश, बायकोच्या शब्दाखातर सुपरवायझर झालेला, उत्साहात. दोन्ही बाजू एकदमच धुवायला लावल्या. ॲसिडकडचं पाणी सरळ सायनाइडच्या गटारात. एक्झॉस्ट पंखा बंद. का? तर पंख्याला झेंडूचा हार, फाटेल!
निवृत्ती वाकून फरशी घासत होता. पहिल्या टाकीपासून माझ्याबरोबर असलेला माणूस. डोकं धरलं, धापा, आडवा. बाहेर ओढला.
जवळच्या दवाखान्यात पोरगेला डॉक्टर. बोटाला चिमटा लावून म्हणतो, "काका, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे. चेहरापण लाल. घाबरलाय तो." अरे गाढवा, माणूस तडफडतोय! ॲम्ब्युलन्स. पिंपरी.

२ ऑक्टो., गुरु., दसरा
पिंपरीच्या डॉक्टरीणबाईंनी शिरेतलं रक्त दाखवलं. लालभडक. "हे काळपट हवं. पेशींनी ऑक्सिजन वापरलाच नाही, तसाच परत पाठवला. पेशीत ऊर्जा तयार होते ना, तिथल्या शेवटच्या टप्प्यावर सायनाइड जाऊन बसतं."
म्हणजे गेटावर मालाचे ट्रक उभे, आत मेन स्विच पडलेला. चिमटा ट्रक मोजत होता.
मेंदू आणि हृदय आधी बंद पडतात म्हणे, त्यांना सुट्टी नसते. उतारा टोचलाय.
"उताऱ्याची पेटी कारखान्यात नव्हती?"
सल्लागाराच्या यादीत होती. यादी फायलीत.
सतीश आयसीयूबाहेर आपट्याची पानं वाटतोय. धन्य!

४ ऑक्टो., शनि.
निवृत्ती शुद्धीवर. हात थरथरतात, चमचा धरवत नाही. त्याच्या बायकोनं विचारलं, "बरे व्हतील का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूच्या पेशी उपाशी राहिल्यात. कुठल्या उठतील, आत्ता सांगता येत नाही." त्याची बायको माझ्याकडे बघून, "मालक, ह्यांच्या हातावरच तर घर हाय."
निवृत्ती पुटपुटला, "मालक, पंखा का बंद व्हता?"
म्हटलं, "झोप आता."

६ ऑक्टो., सोम.
उद्या कारखान्यांचा सरकारी निरीक्षक येणार, जबाब घ्यायला. सतीश केबिनमध्ये आला. दार लावून म्हणाला, "दाजी, पंखा मी बंद केला, एवढंच सांगायचं. तुम्ही गेटात नव्हताच."
चार वर्षांत पहिल्यांदा कामाचं बोलला.
बंद त्यानेच केला, खरं आहे. हार घाल म्हणालो मी. आणि त्या सकाळी गाडी लावतानाच पंख्याचा आवाज नव्हता. लगेच कळलं होतं. म्हटलं, राहू दे, आधी पूजेचे फोटो होऊ देत.
सतीशला बेअक्कल म्हणत आलो. त्याला निदान ऐकू तरी आलं नव्हतं.
शॉपमध्ये गेलो. पंखा फुल चालू, हाराचा नुसता दोरा राहिलाय. तिथंच उभा राहिलो.
निरीक्षक साडेदहाला. निवृत्तीच्या त्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचंय. आधी कुणाला, त्याला की निरीक्षकाला?