ज्योतीमागचा टेम्पो

रणधीरकाका,

"कृष्णराजला देवीनं नेलं," असं उद्याच्या शोकसभेत मी बोलावं, हा तुमचा निरोप मिळाला. माझ्या भावाला तुम्ही नाकारलेल्या झोपेनं नेलं.

टेम्पोनं भाविकांच्या फेऱ्या मारून जागरणानं पिचलेल्या त्याला तुम्ही, नवरात्र मंडळाचे अध्यक्ष, तुळजापूरहून ज्योत घेऊन धावणाऱ्या पोरांमागं टेम्पो चालवायला बसवलंत. नळदुर्गच्या ढाब्यावरचं बोलणं पोरांनीच मला सांगितलं.

"काका, डोळं मिटायलेत. घडीभर पडू द्या."

"देवीचं काम हाय, झोप कसली? तंबाखू मळ!"

ज्योत धरणारे हात वाटेत बदलत राहिले. स्टेअरिंगवरचे कुणी बदलले नाहीत. टेम्पो त्याच्यासकट पुलावरून खाली कोसळला, तरी तुम्ही ज्योत थांबवली नाहीत.

हे पत्र पाठवत नाही. उद्या माईक माझ्या हाती देऊन शेजारी बसाल, तेव्हा गावासोबतच ऐका.

तुमच्याच रक्ताची,
शिवांजली