फोटोतला डाग मीच आहे

कोसमटोला, ता. गडचिरोली, जि. चांदा
वैशाख शुद्ध पंचमी, सन १९५७

तीर्थरूप दादाजीमामा यांना भागीरथेचा, डोके खरोखर जमिनीला टेकवून केलेला नमस्कार (कपाळाला फुलीचा चुना लागला; फुली कसली ते खाली येईलच). तुमचा दमा कसा आहे? अडुळशाचा काढा तुम्ही पिता की खिडकीतून ओतता, हे मामींना न दाखवता कळवावे. इकडे सर्व कुशल आहे असे लिहिणार होते. पण जे खरे नाही ते लिहू नये, हे पाटीवर अक्षरे गिरवताना तुम्हीच मला शिकवले. म्हणून लिहिते की आईचा गुडघा दुखतो, बापूजी माझ्याशी बोलत नाहीत आणि आपल्या गावात अकरा फुल्या निघाल्या आहेत.

फुल्यांचे असे झाले. फाल्गुनात मोजणीचे देवतळे साहेब जीपने आले. जंगलाचा नकाशा आता साखळी ओढून नाही, विमानातून फोटो काढून होणार, असे त्यांनी सांगितले. (तुम्ही नकाशाच्या कचेरीत बसता, तुम्हाला हे ठाऊक असेल; पण मला ठाऊक झाले याचा आनंद आहे, म्हणून लिहिते.) कॅमेरा विमानाच्या पोटात, तोंड खाली करून बसवलेला. तो ठरावीक वेळाने आपला आपणच फोटो घेतो, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतले निम्म्याहून जास्त रान पुन्हा येते. असे दोन फोटो शेजारी ठेवून जोडभिंगातून पाहिले की सपाट कागदावर सागवान उभे राहते. मात्र आपण कुठे आहोत हे विमानाला कळावे म्हणून जमिनीवर खूण हवी. तळ्याकाठच्या माळावर साहेबांनी दगड मांडून, चुना लावून दहा-दहा पावलांची एक पांढरी फुली केली. बापूजी गावचे पाटील, आणि सरकारी कागद वाचते मी, तेव्हा राखण माझ्याकडे आली. नियम दोन: फुली स्वच्छ ठेवायची, आणि विमान जाईपर्यंत तिच्यावर कोणीही उभे राहायचे नाही. हे नीट पार पडले तर चांद्याच्या छावणीत जोडभिंगातून पाहून टिपणे लिहायला मला घेऊ, असे साहेब म्हणाले. बापूजी हसले. मी हसले नाही. मामा, मला ते काम हवे होते. अजून हवे आहे.

पहिले संकट मोहाचे. मोह वेचणाऱ्या बायकांना झाडलेली, पांढरी, उन्हातली जागा दिसली की तिथे फुले वाळत घालायचीच, हे साहेबांना कोणी सांगितले नव्हते. मंगलीने दुसऱ्याच दिवशी तीन टोपल्या फुलीवर पसरल्या. मी तंटा केला, तर म्हणते, "बाई, इतकी साफ जागा मोहासाठी नाई त काऊन केली मंग?" मी फुले उचलून दिली, आणि फुली कशासाठी हेही खरे-खरे सांगितले. इथेच चुकले. विमान फुलीवाली जागा शोधते, एवढेच तिने गावभर नेले. चार दिवसांत अंगणाअंगणात पांढऱ्या मातीच्या फुल्या! मुखरूभाऊंना विचारले तर, "आमचं अंगण काय सरकारात नाई का?" सोनीबाईची फुली तर सरकारी फुलीपेक्षा ठळक, चारी टोकांना फुले काढलेली. कॅमेऱ्याला वरून फक्त डोकी दिसतात असे समजावले, तेव्हा रंभाकाकूंनी भांगात नवा शेंदूर भरला आणि पत्रूने टकलाला तेल चोपडले. "आता चमकन ना?" म्हणाला.

विमान आले तेव्हा मी काळी छत्री उघडून, नियम पाळून फुलीपासून पाच पावले दूर, आभाळाकडे डोळे लावून उभी होते. आवाज आला आणि खाली पाहते तर फुलीच्या मधोमध मंगलीचा मोह! मी धावले, पदरात फुले भरली, आणि वर पाहिले तर विमान डोक्यावर. पळावे तर हललेला फोटो येतो, हे मला पक्के माहीत. (मार्कंड्याच्या जत्रेत तुम्ही माझा फोटो काढवलात तेव्हा मी शिंकले आणि मला दोन नाके आली होती.) म्हणून मी छत्रीखाली श्वास रोखून फुलीच्या मध्यावर उभी राहिले. नियम मोडला, पण न हलता.

परवा साहेब फोटो घेऊन आले ते लालबुंद होऊन. जोडभिंगात सुकलूची बैलगाडी सागाच्या शेंड्यांवरून हवेत चाललेली दिसते. चालती वस्तू दोन फोटोंत दोन जागी येते, म्हणून असे होते म्हणे. (सुकलू तेव्हापासून कोणाशी नीट बोलत नाही.) पण साहेबांचा राग फुल्यांवर. "अकरांतली माझी कोणती?" त्यांनी विचारले, आणि प्रत्येक घरमालकाने आपापल्या फुलीवर बोट ठेवले. चुकीची धरली तर आख्खा गाव नकाशावर सरकेल. विमान काही परत येणार नाही. तेव्हा राखणदाराचा हलगर्जीपणा असा अहवाल जाणार. एका फुलीच्या मध्यावर काळा ठिपका होता. तो भिंगावरच्या धुळीचा डाग समजून साहेबांनी सोडून दिला होता. मी गप्प बसले असते तर फुलीवर उभी राहिल्याचे कोणाला कधी कळले नसते. बापूजी डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होते. मी म्हणाले, "साहेब, तो डाग मी आहे."

साहेबांनी बराच वेळ भिंगातून माझ्याकडे, मग वर मान करून माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "नियम मोडला हे मी लिहीन. आणि डाग स्वतः होऊन बोलला, असा माझ्या छावणीत दुसरा नाही, हेही लिहीन. पौर्णिमेपर्यंत ये."

बापूजी म्हणतात, आधी भांदकच्या पाहुण्यांचे ठरू दे. मामींना नमस्कार, मोठ्यांना वाकून आणि तुमच्या मांजरीला लांबून.

तुमची,
भागीरथा

ता.क. : हा फोटो तुमच्या टेबलावर येईल. कागदावरचे डाग पात्याने खरवडायची तुमची सवय मला ठाऊक आहे. कृपा करून मला खरवडू नका.

ता.क. दुसरा : भांदकच्या मुलाकडच्यांनी मुलीचा फोटो मागितला आहे. दोन नाकांच्या फोटोनंतर माझा हा एकच फोटो आहे. तो मोठा करून तुम्हीच त्यांना परस्पर पाठवावा. पाठीमागे खरे तेच लिहावे: मुलगी छत्रीखाली आहे. त्यांना छत्री पसंत पडायच्या आत बापूजींना दोन ओळी लिहा, की भागीरथेला चांद्याला जाऊ द्या. ते फक्त तुमचेच ऐकतात. खरे तर पत्र एवढ्यासाठीच होते.

ता.क. तिसरा : मंगलीवर सगळे ढकलले, ते मनाला टोचते. साहेबांनी फुली मांडली त्याच संध्याकाळी मीच आमच्या अंगणात तांदळाच्या पिठाने एक फुली सरावासाठी काढून पाहिली होती. बाकीच्यांनी ती पाहूनच काढल्या. हे साहेबांना सांगायचे राहिले. आता लगेच सांगू, की कामावर रुजू झाल्यावर? (रुजू झाल्यावर, असे कळवावे.)