प्रश्न विचारून गप बसणं

ताई, आज माझ्या हाताखालच्या अप्रेंटिस पोरीला मी फाडकन बोलले. महाळुंग्याच्या आपल्या त्याच ट्रेनिंग रूममध्ये ती नव्या पोरांना शिकवत होती. प्रेस मशीनचं संरक्षक गार्ड उघडं ठेवून काम केलं तर काय होईल, असं तिनं विचारलं आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन टाकलं. बाहेर नेऊन मी तिला झापलं. तिचे डोळे भरले आणि मला तुमची इतकी आठवण आली की डबा तसाच झाकून ठेवला. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी लिहायला बसलेय.

तुमच्या हाताखाली ट्रेनर व्हायला अप्रेंटिस म्हणून आले तेव्हा मी भलतीच शहाणी होते. शिकवणं म्हणजे बोलणं, आणि बोलण्यात मी कुणाला हार जाणार नव्हते. कंपनीकडे बायकांच्या मापाचे सेफ्टी शूज नव्हते. पुढं कापूस कोंबून मी फताक फताक चालायचे, ते तुम्ही बघितलंत आणि पिंपरी मार्केटातून माझ्या मापाचा जोड घेऊन आलात. पैसे विचारले तर म्हणालात, गप घाल. लाड एवढे, पण कौतुक? छे! सगळा प्लँट म्हणायचा, ताईंनी 'जमलं' म्हटलं की माणूस तयार झाला. तेवढ्या एका शब्दासाठी माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

पहिल्या सेशनला मीही आजच्या पोरीसारखंच केलं होतं. लातूर-नांदेडकडची पोरं मान खाली घालून बसलेली, मला ती शांतता सोसेना, मी उत्तर सांगून मोकळी. चहाच्या वेळी तुम्ही मला बाजूला घेतलंत. आवाज चढवला नाहीत, तेच तर वाईट.

"पोरांच्या तोंडचा घास काढून घेतलास. प्रश्न विचारला की गप बसायचं. ती विचार करत असतात, झोपलेली नसतात."

सांगवीला घरी पोचेपर्यंत मी बसमध्ये रडत होते. राग तुमचा नव्हता, माझाच येत होता.

अप्रेंटिसशिपच्या शेवटी मी एकटीनं सेशन घ्यायचं आणि तुम्ही मागं बसून बघायचं, असं आपलं ठरलं होतं. त्याच्या आधीच तुम्हाला पॅरालिसिसचा झटका आला. सेशन मी घेतलं, साहेबांनी पास केलं, नोकरीही लागली. पण मागची खुर्ची रिकामी होती, मग त्या पास होण्याचं मला काय कौतुक?

मग मी चिंचवडला तुमच्या घरी आले. तुमच्या आईंनी दार उघडलं, त्यांना जयभीम केला आणि आत आले. तुम्ही खिडकीशी बसला होतात, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. दिवसभर बोलणारी माझी ताई एकेक शब्द खोल विहिरीतून घागर ओढावी तसा ओढत होती. मी सेशनचं सगळं सांगितलं, पोरं कशी बोलली, मी कशी थांबले. तुम्ही माझ्याकडे एकटक बघितलंत. ओठ हलले.

"तुला... अजून..."

पुढचं येईना. तुमच्या कपाळावर घाम आला. मला बघवेना हो ताई. मी घाईघाईनं म्हणाले, "जमलं, असंच ना?"

तुम्ही डोळे मिटलेत. मान हलवलीत, की ती नुसतीच थकून खाली गेली, मला कळलं नाही. थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात.

संध्याकाळी मी त्या पोरीजवळ जाऊन बसले. तिची समजूत घातली, तुमच्याबद्दल सांगितलं. तिनं विचारलं, मग ताईंनी तुम्हाला 'जमलं' कधी म्हटलं? मी म्हणाले, आजारी होत्या तेव्हा, त्यांच्या घरी. सगळ्यांना मी हेच सांगते. हा कागद कुठं टाकू, तुमचा आता पत्ताच नाही. पण ताई, तो शब्द तुम्ही म्हणाला नव्हतात. मीच म्हणाले होते.