टकलावरची चार बोटं

चि. सौ. पार्बताले भातकुलीहून थोरल्या बहिणीचा, लीलाबाईचा, आशीर्वाद. तुयी कंबर कशी हाये, जवाईबापूचा खोकला गेला का, ते लिवजो. (थोडक्यात लिवजो. मागच्या पत्रात चार पानं खोकलाच होता.) इकडं सारे मजेत, तुये भाऊजी सोडून. त्यायच्या टकलावर चार बोटं उमटली, अन् साऱ्या भातकुलीत झालं का लीलाबाईनं नत्थुजीले हाणलं.

मी हाणलं नाई. ऐक.

माया घोट्यावर पांढरा डाग आला, ते तुले ठावकं हाये. वर्षालीले पाहाले अकोल्याचे पाहुणे रविवारी येनार होते. नातीच्या सोयरिकीत आजीचा डाग आडवा नको, म्हनून मी गुपचूप अमरावतीच्या डाक्टरीणबाईकडं गेली. ते म्हणे, आजी, हा लागट रोग नाई, लपवता काहून? मी म्हटलं, तू औषध दे. तिनं शिशी देली. काडीले कापूस गुंडाळून नेमकं डागावर लावाचं, अर्ध्या तासानं पाच मिनिटं ऊन द्याचं, मंग साबणानं धुऊन झाकाचं. हे औषध लावलेलं कातडं ऊन पिऊन टाकते म्हणे, अन् भाजलेलं दोन दिवसानं दिसते. आता सांग, जलमभर उन्हात भेंडी तोडली, मले पाच मिनिटाचं ऊन शिकवते ते पोरगी.

शुक्रवारी बोटानंच लावलं अन् कोथिंबिरीच्या जुड्या बांधत तासभर अंगनात पाय पसरून बसली. चारी बोटाले औषध उरलं. आपल्या मायनं काय शिकवलं? हाताचं तेल वाया घालू नये, जवळ जे डोस्कं असन त्याले पुसावं. जवळ तुया भाऊजीचं होतं. पुसलं. ते तसेच उघड्या डोक्यानं दिवसभर बाजारात वांगे इकत बसले.

रविवारी सकाळी माया पायाले लिंबाएवढा फोड, अन् यायच्या टकलावर चार लालबुंद बोटं. पाहुणे दारात. (टोपी शोधली, तर ते बकरीनं खाल्ली होती.)

पोराची आजी माणिकबाई. तिनं पोरगी पाहिलीच नाई, नुसतं टक्कल पाहून राहिली. हे काय झालं वो, म्हणे. आता खरं सांगावं, तर डाग उघडा पडते. मी चिवड्याची प्लेट वर्षालीच्या हाती देली. शेहेचाळीस वर्षात माया आधी कधी तोंड न उघडलेला मानूस, शांतपणे म्हणे, "हिनं मारलं. चूक मायीच होती."

माया डागापायी मानूस फुकटचा मार खाऊन राहिला. मले काई राहावलं नाई. लुगडं घोट्यावर घेतलं अन् सारं सांगून टाकलं, डाग, शिशी, ऊन, उरलेलं बोट. वर्षाली इतकी हासली का चिवड्याची प्लेट गोपालच्या, म्हनजे पोराच्या, मांडीवर सांडली.

माणिकबाई म्हणे, "डागाचं काय घेऊन बसल्या, माया भावजईलेही हाये. पण मंग तुमी मारलं नाई?" अन् तोंड एवढुसं झालं तिचं. आमचा गोपाल बारा वाजेलोक झोपते, धाकातल्या घरची पोरगी पाहून राहिलो, म्हणे. आठ दिवसात कळवतो सांगून गेले.

डाक्टरीणबाईनं आमा दोघायलेही झापलं, मलम देलं. आता आमी दोघं सावलीत बसून एकमेकाले लावून राहिलो.

तुयी ताई,
लीला

ता.क. डाग होता तसाच पांढरा हाये. महिने लागतीन म्हणे. टकलावरची बोटं मात्र लालाची काळी झाली, असा पक्का रंग.

दुसरा ता.क. पत्र यासाठी लिवलं. माणिकबाईचं घर अकोल्यात तुयाच गल्लीत हाये. नळावर भेटली का सांगजो, ताई त्या दिवशी खोटं बोलली, ते नत्थुजीले खरंच हाणते. वर्षालीले पोरगा पसंत हाये. चिवडा झाडता झाडता पाहून घेतला तिनं.

तिसरा ता.क. यायनं आत्ताच हे वाचलं. म्हणते, पार्बतावर कोन भरोसा ठेवन, मीच जाऊन डोस्कं दाखवतो. सोमवारच्या गाडीनं त्यायले पाठवून राहिली. टोपी देऊ नको, बोटं दिसली पाहिजेत. पण छत्री घेऊन स्टँडवर उभी राहजो.