सरांचे खाडे आणि माझे

बुधवार, १९ मार्च
सकाळची पूजा आटोपून

ती. अक्का यांस,

धाकटीचा शिरसाष्टांग नमस्कार. आईंच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेवा. मात्र हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. का ते पुढे कळेल.

इकडे देवाच्या दयेने सर्व ठीक आहे. ह्यांचा खोकला गेला. तुमचे गुडघे कसे आहेत? आईंना कुशीवर वळवताना पाठीशी उशी चालते, की अजून तुमचाच हात लागतो? जाऊबाईने जाऊबाईसाठी एवढं केलेलं मी तरी कुठे ऐकलं नाही. जानेवारीपासून तुम्ही आईंना नेलंत म्हणून मला कॉलेजचं हे दुसरं सत्र करता येतंय, हे मी रोज दिवा लावताना देवाला सांगते. एक एप्रिलला मी आईंना परत न्यायला यायचं आपलं ठरलं आहे. खरं तर त्याबद्दलच लिहायचंय, पण आधी इकडची हकिकत सांगते. नाही तर मधूनच गोष्ट ऐकल्यासारखं होईल.

तुम्ही विचारलं होतंत, मॅट्रिक होऊन तीस वर्षांनी पोरांच्यात बसून दिवसभर करतेस तरी काय. तर सव्वादहाला निघते. आधी अर्थशास्त्र, मग मानसशास्त्र, मग डबा, आणि दुपारी शेवटचा तास इतिहासाचा. हे सत्र म्हणजे नुसती पळापळ. दर आठवड्याला चाचणी, ग्रंथालयात एका पुस्तकामागे नऊ जण, त्यात प्रकल्पाची वही. शिपाईमामा अजून मला बघून खडूचा डबा पुढे करतात. परवा म्हणाले, "हाताला सवय लागलीय हो. घ्या आजच्यापुरता." घेतला आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. उगाच परत कशाला चकरा.

बाकावर माझ्या शेजारी चिमणी बसते. तिला चिमणी म्हणतात कारण तोंडाला उसंत नाही. सकाळी औषधांच्या दुकानात काम करून धापा टाकत येते. मी पाठकोरे कागद जमवून वह्या शिवल्यात, त्या बघून पहिल्यांदा म्हणाली, "काकू, ही वही आहे की रद्दी?" आता परीक्षा जवळ आल्यावर त्याच रद्दीच्या झेरॉक्स काढायला रांग लागते. वही उघडण्याआधी मी कपाळाला लावते, तर चाचणीच्या दिवशी अख्खा बाक लावायला लागलाय. "अभ्यास नसला तरी चालतं का हो?" असं चिमणीने विचारलं. म्हटलं, "लावून बघ. उत्तर पेपरातच येईल."

माझी एक खोड तुम्हाला ठाऊक आहे. दूधवाला आला नाही की कॅलेंडरवर खाडा. पेपरवाला आला नाही, खाडा. कॉलेजात जायला लागल्यावरही हात गप्प बसेना. जो तास झालाच नाही, त्या तारखेखाली विषयाचं पहिलं अक्षर आणि एक फुली. मनात काही काळंबेरं नव्हतं, दूधवाल्याला जो न्याय तोच. इतिहासाचे सर शिकवतात असे की डोळ्यांपुढे लढाई उभी राहते, पण त्यांना सारखी बाहेरची कामं. दोन महिन्यांत त्यांचे चौदा खाडे झाले.

चार मार्चला बोर्डावर यादी लागली. शंभरातले पंच्याहत्तर तास ज्यांचे भरले नाहीत, त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे वर्ष गेलं. इतिहासात सत्तावीस नावं होती. चिमणीचं त्यात होतं. तिचं तोंड बंद झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. वर्ष गेलं तर घरचे पुढे शिकू देणार नाहीत, म्हणाली. तिला तशीच घरी कशी पाठवू? म्हणून इकडे घेऊन आले. स्वयंपाकघरात पाणी पिता पिता तिची नजर भिंतीवर गेली.

"काकू, हे 'इ' फुली, 'इ' फुली काय आहे?"

"सरांचे खाडे."

"दूधवाल्याच्या खाली?"

"जागा तिथेच होती."

तिने मागची पानं उलटून मोजले. परत मोजले. मग ग्लास ठेवला आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढलंच. मी म्हणतेय, अगं ठेव, दूधवाल्याचा महिना अजून व्हायचाय. ऐकतेय कोण.

दुसऱ्या दिवशी प्राचार्याबाईंच्या टेबलावर एका बाजूला कॉलेजचं रजिस्टर आणि दुसऱ्या बाजूला माझं कॅलेंडर. निघालं ते असं, की हेडक्लार्क महिनाअखेरीला वेळापत्रक बघून सगळे तास झाले म्हणून भरून टाकत. न झालेल्या तासांनाही पोरं गैरहजर. हेडक्लार्कांनी खिशातला रुमाल काढला तो परत ठेवलाच नाही. सरांना बोलावलं. अक्का, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्याच्याकडून विद्या घ्यायची त्याच्या फुल्या मारून ठेवायच्या, हे पाप कुठल्या पोथीत बसतं? सरांनी चष्मा वर करून एकेक पान वाचलं. म्हणाले, "बाई, ह्यात सतरा तारखेला मी नव्हतो की दूध नव्हतं?"

मी म्हटलं, "दोघंही नव्हतात."

सर हसले. मग गंभीर होऊन "खाडे बरोबर आहेत" असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली. असा माणूस मिळायला पुण्याई लागते. चौदा तास वजा झाले, बावीस नावं कटली, चिमणीही सुटली. तिने भर व्हरांड्यात मला मिठी मारली आणि तेव्हापासून जी बोलतेय ती अजून थांबलेली नाही.

इथवर लिहून मी उठले. भाजी निवडली, कुकर लावला, परत येऊन बसले. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी पुढची ओळ सुचेना. आता लिहितेच.

बावीस कटली, पाच राहिली. त्या पाचांत मी आहे.

प्राचार्याबाईंनी मला थांबवून घेतलं होतं. म्हणाल्या, "तुम्ही दूधवाल्याचे खाडे लिहिलेत, सरांचे लिहिलेत. तुमचे कुठे आहेत?" मी माझे लिहिलेच नव्हते. झालेल्या सव्वीस तासांपैकी अकरा मी चुकवले.

तुम्हाला वाटेल आजारी होते, घरात काही निघालं. तसं काहीच नाही. डबा खाल्ला की मुलींच्या खोलीत मी कॅरम खेळत होते. जानेवारीत एकदा चौथं माणूस कमी पडलं म्हणून चिमणीने हाताला धरून बसवलं. पहिल्याच डावात राणी घेतली. आपल्या घरात रविवारी पुरुष कॅरम खेळायचे आणि आपण दोघी आत चहा टाकायचो, आठवतं? किती वर्षं नुसता सोंगट्यांचा आवाज ऐकला. एकदा तुम्ही म्हणालात, "कोपऱ्यातली ती काळी इतकी सोपी होती, सोडली मेल्यांनी." तेव्हा मी चकित झाले, की तुम्ही दारातून बघताय. मीही बघायची. माहेरी तीन भावांना हरवून आलेली मी, पण सांगितलं कधी नाही. अक्का, शेवटच्या तासाची घंटा व्हायची, चिमणी बहुतेक वेळा वर्गात पळायची आणि मी म्हणायची, हा एक बोर्ड संपवू आणि जाऊ. अकरा वेळा म्हणाले.

खेळताना मला फार बरं वाटत होतं, हेही खरं सांगून टाकते. आणि त्याच वेळी तुम्ही तिकडे दुखऱ्या गुडघ्यांनी आईंची कूस बदलत होता, हे घरी येऊन दिवा लावला की आठवायचं. दिव्यापुढे पश्चात्ताप आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत स्ट्रायकर.

हेडक्लार्कांनी वाट काढून दिली. बहुधा रजिस्टराचं त्यांना लागलं असावं. म्हणाले, "सासूबाई अंथरुणावर आहेत ना तुमच्या? घरातल्या मोठ्या माणसाकडून चार ओळी आणा, की त्यांची सेवा करण्यात तास बुडाले. मी आतून घेतो करून." घरात मोठं माणूस म्हणजे तुम्ही. मी घरी येऊन तुमच्या नावाने मजकूर लिहूनही काढला. चांगला जमला होता. मग सांजवेळी देवापुढे बसले आणि वाचायला गेले तर "धाकटीने रात्रंदिवस आईंची सेवा केली" ह्या ओळीपुढे जाता येईना. सेवा तुमची, आणि तीही मी तुमच्याच हाताने माझ्या नावावर लावून घेणार होते.

दुसरी वाट प्राचार्याबाईंनी दिली आहे. पाचजणांसाठी एक ते एकवीस एप्रिल जादा तास, सकाळी सात ते दुपारी दोन, रविवारसुद्धा. त्यातला एकही चुकला तर परीक्षा नाही. ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जिंकलं कोण?" मी म्हटलं, बहुतेक वेळा मीच. तर म्हणाले, "मग ठीक. पण आईचं अक्कांना तूच विचार, मी मधे पडणार नाही." सकाळी सातपासून घरात कोणी नाही, आणि आईंना एकटं ठेवता येत नाही.

म्हणून विचारते. आईंना अजून एकवीस दिवस ठेवून घ्याल का? बावीसला सकाळच्या पहिल्या गाडीने मी न्यायला येईन आणि पंचवीसची परीक्षा त्यांच्या उशाशी अभ्यास करून देईन. गुडघे नाही म्हणत असतील तर तुम्हीही नाही म्हणा. रागावला असलात तर आधी तो राग मला लिहा, मनात ठेवून हो म्हणू नका. नाही म्हणालात तर मी ठरल्याप्रमाणे एकलाच येते. परीक्षा पुढच्या वर्षी परत येईल, आणि तुमचं माझं काही बिघडणार नाही. चिमणी रडेल, तिला मी सांभाळते.

बाईंना मला सोमवारपर्यंत सांगायचं आहे. आईंना पुसायचं झालं तर खरं काय ते पुसा. त्या म्हणतीलच, "खेळायला गेली होती का शिकायला?" म्हणू दे.

दुसरा कागद घ्यायचा जिवावर आला म्हणून हे शेवटचं पान तुमच्या नावाने लिहिलेल्या त्या मजकुराच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलंय. उलटून वाचलंत तरी चालेल. त्यावर सही मात्र करू नका.

तुमची,
अकरा दुपारी चुकलेली
धाकटी