नानांची खळ आणि पाहुण्यांचं धोतर

नाना, आज माझ्या वर्गातल्या मुलींनी परवाची खळ वापरली. आयोडीनमध्ये थेंब टाकले तर निळ्याऐवजी जांभळट-तांबूस असं काहीतरी उमटलं, आणि त्यातली एक मला म्हणते, "बाई, जवळपास निळाच आहे की." जवळपास! तुम्ही तिथे असता तर सगळी भांडी मोरीत रिकामी करून तिला पहिल्यापासून सुरुवात करायला लावली असतीत. मी रागावणार होते, पण मला हसू आलं, आणि आता घरी येऊन तुम्हाला लिहीत बसले आहे.

पिण्याच्या पाण्यात घालायच्या ब्लीचिंग पावडरीत दम किती उरलाय हे तपासणं ही तुमची नोकरी, आणि त्या तपासणीला लागणारी स्टार्चची खळ करणं हा तुमचा धर्म. आई गेल्यावर भात तुम्हाला कधीच साधला नाही. एक तर पेज व्हायची, नाहीतर खडे. पण खळ करताना तुमचा हात बघावा! चिमूटभर स्टार्च गार पाण्यात बोटाने कालवायचा, गुठळी लागली तर फेकून पुन्हा कालवायचा, मग उकळत्या पाण्यात बारीक धार धरायची, ढवळत राहायचं, पारदर्शक झालं की उतरवायचं आणि निवल्यावर वरची निवळ तेवढी बाटलीत भरायची. बाटलीची जागा माझ्या दुधाच्या पातेल्याशेजारी, गार पाण्याच्या परातीत. खळ टिकावी म्हणून वरच्या ऑफिसने सॅलिसिलिक ॲसिडची पुडी पाठवली, तर "मला काय लोणचं घालायचंय?" म्हणून तुम्ही ती कपाटात ढकललीत. लोणावळ्याच्या पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथे खळ कसली टिकते! म्हणून रोज ताजी करायची आणि कालची ओतून द्यायची.

हे ओतून देणं आपल्याकडे कामाला येणाऱ्या परंदवडीच्या मावशीला बघवत नसे. "दादा, येवढी चांगली खळ मोरीत वतायची व्हय? पाप लागंल की!" ती कालची खळ राखून ठेवायची, त्यात भाताची पेज मिसळायची आणि घरातल्या दिसेल त्या कापडाला द्यायची. चादरी शेगडीवर वाळवायची, त्यामुळे आपली अंथरुणं पापडासारखी वाजत.

मी मॅट्रिक झाले त्या पावसाळ्यात आत्याने पुण्याचं स्थळ आणलं. मला कॉलेजात जाऊन रसायनशास्त्र शिकायचं होतं. तुमच्याही मनात तेच होतं, पण आत्यापुढे बोलायची तुमची कधी प्राज्ञा नव्हती. ठरलं ते असं, की त्यांचा होकार आला तर लग्न आणि नकार आला तर कॉलेज. पाहुण्यांनी मान उभी हलवायची की आडवी, यावर माझं सगळं येऊन ठेपलं होतं, आणि मी आत पोहे परतत मनातल्या मनात देवाला दोन्ही बाजूंनी गोंधळात टाकत होते.

मुलाचे वडील आपल्या शेवाळलेल्या पायरीवरूनच आत आले, म्हणजे घसरत आले. कोपर सोलवटलं. मावशी हळदीचा डबा घेऊन धावते, तुम्ही तिला अडवता आणि आतून टिंक्चर आयोडीन आणता. तुमचा हात सढळ. ओघळ कोपरावरून गादीवरच्या कडक चादरीवर, तिथून त्यांच्या तितक्याच कडक धोतरावर. बघता बघता दोन्हीकडे निळे-काळे डाग पसरतात.

"अहो, हे काय? रक्त काळं कसं आलं?" ते ओरडले.

"आगं बया! म्या निस्ती खळ दिलती, शाई न्हाई वतली!" मावशी दारातून.

आणि तुम्ही, नाना, तुम्ही टाळी वाजवलीत! "वा! काय सुरेख निळा! तुमचा धोबी खळ उत्तम करतो हो!" मग मला हाक मारून आयोडीनचा रंग उडवणाऱ्या हायपोची बाटली मागवलीत, आणि होणाऱ्या व्याह्यांच्या मांडीवर थेंब थेंब सोडत त्यांना सगळी क्रिया समजावलीत. मध्येच तुम्ही काहीतरी उलटं बोललात, मी चटकन चूक सुधारली, आणि तुम्ही अभिमानाने पाहुण्यांकडे पाहिलंत. डाग गेला. ते ओल्या धोतरानिशी, पोहे न खाता गाडीला गेले. आठवड्यात निरोप आला: मुलगी चुणचुणीत आहे, पण घरात रसायनं फार.

तुम्ही शिरा केलात. तो करपला. पुढे जन्मभर तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात, की मुलीला शिकवायची म्हणून मी मुद्दामच आयोडीन ओतलं. मी कधी खोडलं नाही, पण नाना, ती योजना नव्हती. योजना असती तर तो रंग बघून तुमचा चेहरा तसा उजळला नसता. बाकी कॉलेज मिळालं ते तुमच्यामुळेच, आणि त्याचा मला एक दिवसही पस्तावा झालेला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. त्या गोंधळात मुलाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तो खाली मान घालून हसू दाबत होता. डाग गेल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "तो रंग परत आणता येईल का?" त्या खोलीत त्या दिवशी इतका चांगला प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. तुम्ही नकाराची बातमी घेऊन नाचत आलात तेव्हा मी हसले, आणि मग मोरीपाशी जाऊन थोडी रडलेसुद्धा. मुलगा मला आवडला होता, नाना.